घरात देव नाही, मग शाळा कोणती? कॉन्व्हेंट, प्रयोगशील की आणखी काही?

निंबोणी (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस घोळत असलेला विषय आहे, थोडं सविस्तर लिहिते.

आम्ही पुण्यात वारज्याला राहतो. लेकीला पाच पूर्ण झाली, येत्या जूनला पहिलीत जाईल. आमच्या घरात देव्हारा नाही. सासरे साताऱ्याला अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते, त्यामुळे नवरा तसाच वाढला. मी मात्र सोवळं-ओवळं, चातुर्मास, अधिकमासाची वाणं असलेल्या घरातली. पंचविशीच्या आसपास हळूहळू त्यातून बाहेर आले, कुणाशी भांडण न करता. आजही आईकडे गेलो की लेक आरतीला टाळ्या वाजवते, प्रसादाचा शिरा मागून खाते. त्यावर आम्ही काही बोलत नाही.

मग अडतंय कुठे? दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री साडेनऊला मी ओटा आवरत होते आणि न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. जाऊन बघते तर ही बादलीशी उकिडवी बसून गोष्टीचं पुस्तक धूत होती. एकेक पान. पुस्तकाला पाय लागला होता. बालवाडीत बाईंनी सांगितलं होतं की पुस्तकाला पाय लागला की सरस्वती रागावते आणि मग अक्षर येत नाही. नमस्कार करून झाला होता, तीनदा. पण "तिचा राग गेला की नाही ते कळतच नाहीये" म्हणून ती पुस्तक धूत बसली होती. पंख्याखाली वाळवलं. पानं फुगलीत, पुस्तक मिटत नाही, पण ठेवलंय आम्ही.

बाई प्रेमळ आहेत. त्यांनाही लहानपणी कुणीतरी हेच सांगितलं असणार. पण त्या रात्रीपासून शाळा बघताना बोर्ड, फी आणि अंतर एवढंच बघणं जमत नाही.

सध्या दोन शाळा डोळ्यासमोर आहेत. एक कॉन्व्हेंट, स्कूटरवर पंधरा मिनिटं. इंग्रजी माध्यम, शिस्त चांगली, मैदान मोठं, फी झेपेल अशी. पण ती उघडउघड धर्माची शाळा. दुसरी मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा. देव नाही, गणवेश नाही, परीक्षेचा धाक नाही. पण नऊ किलोमीटर लांब, व्हॅनने एका बाजूला पन्नास मिनिटं, आणि प्रवेश मिळेलच असं नाही.

ज्यांच्या घरी देव नाही अशा पालकांनी काय केलं? त्याचं पुढे काय झालं? उपदेश नको, अनुभव हवेत.

रानमेवा

आमच्याही घरी हेच चाललंय, मुलगा चार वर्षांचा. वाचते आहे.

पाटीदप्तर

मी मुंबईत दहा वर्षं मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये काढली. घर कम्युनिस्ट, देवाचं नावही नाही. बाबांनी घातलं ते शाळा जवळ होती आणि शिकवणं चांगलं होतं म्हणून.

रोज सकाळी प्रार्थना, डबा खायच्या आधी प्रार्थना, सुटताना प्रार्थना. ती मला अजून शब्दन् शब्द येते. कॅथलिक मुली धर्मशिक्षणाच्या तासाला जायच्या तेव्हा उरलेल्या आम्ही मॉरल सायन्सला बसायचो, म्हणजे खोटं बोलू नये, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडायला मदत करावी वगैरे. दहा वर्षांत एकाही सिस्टरने मला किंवा माझ्या मैत्रिणींना धर्म बदला असं सुचवलंसुद्धा नाही. उलट चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, ही शाळेतली एकच जागा होती जिथे कुणी ओरडत नसे. सहावीत आजी गेली तेव्हा मी मधल्या सुट्टीत तिथे जाऊन बसायचे. देवासाठी नाही, शांततेसाठी.

मला जे लागलं ते निराळंच. वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड. वर्गाची मॉनिटर वहीत नावं लिहायची. एकदा पडून गुडघा फुटला आणि मी "आई गं" म्हटलं, त्याचाही रुपया लागला. आज माझी मराठी चांगली आहे ती केवळ बाबांच्या पुस्तकांमुळे.

निंबोणी, कॉन्व्हेंट बघताना येशूला घाबरू नका. भाषेचं काय करतात ते आधी विचारा.

खडू_डस्टर

धागा वाचून राहवलं नाही. मी सांगली जिल्ह्यात अनुदानित मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झालो.

ताई, तुम्ही लिहिलंत की कॉन्व्हेंट "उघडउघड धर्माची शाळा". मग आमची शाळा कसली होती? वर्षाचा हिशोब मांडतो. आषाढीला दिंडी, छोटी मुलं विठोबा-रखुमाई होणार. मग नागपंचमीची चित्रं, दहीहंडी, गणपतीची आरती, नवरात्रात भोंडला, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा, डिसेंबरात दत्तजयंतीची अर्धी सुट्टी. दहावीचं वर्ष सुरू होताना सत्यनारायण. हे सगळं करताना आम्हा कुणाच्याही मनात आलं नाही की आपण धर्म शिकवतोय. आम्ही त्याला संस्कृती म्हणायचो.

माझ्या वर्गात सय्यद आडनावाचा एक मुलगा होता. दसऱ्याला सगळे पाटीवर सरस्वती काढत तेव्हा तो आकड्यांची सुबक नक्षी काढून आणायचा. तीन वर्षं मी त्या पाटीला "छान" म्हणत गेलो. चौथ्या वर्षी मला उमगलं की पोराने स्वतःच वाट काढली होती आणि मी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

ज्या धर्मात आपण वाढलो तो आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याचा लगेच दिसतो. तुमच्या लेकीला पुस्तक धुवायला लावणारी गोष्ट कॉन्व्हेंटात घडलेली नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा "तुमच्याकडे प्रार्थना असते का" हे विचारू नका. असतेच. आमच्या भागात निम्म्या शाळांत साने गुरुजींची प्रार्थना होते, आणि ती मला जीवापाड प्रिय आहे. तुम्ही मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: "एखादं मूल 'मला नको' म्हणालं, तर तुमच्याकडे काय होतं?" आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा.

रानमेवा

सर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. सय्यदची पाटी डोळ्यांसमोरून हलत नाही.

काळाकोट

कायद्याची बाजू मांडतो, कारण पुष्कळ पालकांना आपला हक्क माहीतच नसतो.

राज्यघटनेचं कलम २८. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि त्याच कलमाचा तिसरा भाग: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. हे कॉन्व्हेंटलाही लागू आहे आणि खडू_डस्टर सरांच्या शाळेलाही. संमती नसेल तर साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या.

दोन निकाल लक्षात ठेवा. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून १९८५ मध्ये शाळेतून काढलं होतं. ती मुलं आदराने उभी राहायची, फक्त गात नव्हती, कारण त्यांच्या पंथाला ते मान्य नव्हतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. दुसरा निकाल आपल्याकडचा. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, त्यावरून त्याची वेतनश्रेणी अडली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की अशी सक्ती करता येणार नाही.

एक व्यावहारिक गोष्टही सांगतो. कॉन्व्हेंट ही अल्पसंख्याक संस्था असते. घटनेचं कलम ३० त्यांना स्वतःची शाळा चालवायचा हक्क देतं, आणि २०१४ च्या पाच न्यायाधीशांच्या निकालानुसार शिक्षणहक्क कायदा त्यांना लागू होत नाही. म्हणजे तिथे पंचवीस टक्क्यांच्या सोडतीतून प्रवेश मिळत नाही, आणि प्रवेशासाठी मुलांच्या आणि पालकांच्या मुलाखतींना त्या कायद्याने घातलेली बंदीही तिथे आड येत नाही. मुलाखतीला बोलावलं तर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

निंबोणी (धागाकर्ती)

खडू_डस्टर सर, तुमचा प्रतिसाद चारदा वाचला. खरंच, कॉन्व्हेंटचा क्रूस मला फाटकातून दिसला आणि बालवाडीच्या भिंतीवरची सरस्वती दोन वर्षं रोज बघूनही दिसली नव्हती.

काळाकोट, आभार. त्यावरून आठवलं. प्रवेश अर्जात "धर्म" आणि "जात" असे रकाने आहेत. आम्ही दोन्ही रिकामे ठेवायचं म्हणतोय. कुणी ठेवलेत का?

काळाकोट

धर्माचा रकाना: मुंबई उच्च न्यायालयानेच सप्टेंबर २०१४ मध्ये म्हटलंय की "मला कोणताही धर्म नाही" असं म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि सरकार कुणाला धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही. निकालाची प्रत बरोबर न्या. शाळेच्या कारकुनाला हे माहीत असण्याची शक्यता कमी.

भीमथडी

रकान्यांबद्दल मला बोलायचं आहे, कारण इथे सगळे ते सोपं असल्यासारखं बोलताहेत.

माझ्या घरातही देव नाही. आजोबांनी १९५६ नंतर देव नदीत सोडले ते कायमचे. आमच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत, पण आम्ही त्यांना नवस बोलत नाही. तरीही माझ्या मुलाच्या अर्जात धर्म बौद्ध आणि जात, दोन्ही मी ठळक अक्षरांत लिहिलं.

कारण असं. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना मिळाला आणि बौद्धांना मिळायला १९९० उजाडलं. म्हणजे धर्माच्या रकान्यात काय लिहिलंय यावर हक्क ठरतो. पुढे जात पडताळणीला बसलं की समिती बापाचा, आजोबाचा शाळेचा दाखला मागते. आमच्या आजोबांचा दाखला मिळवायला वडिलांनी तालुक्याच्या गावी सहा खेपा घातल्या, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचं (प्रवेशनोंदवहीचं) नेमकं ते पान वाळवीने खाल्लेलं निघालं. अर्धा रकाना शिल्लक होता. त्या अर्ध्या रकान्यावर माझं इंजिनिअरिंग झालं.

तुम्ही रकाना रिकामा ठेवा, तो तुमचा हक्क आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण ज्याला तो रिकामा ठेवणं परवडतं त्याने हेही ओळखावं की त्याला ते परवडतंय.

निंबोणी (धागाकर्ती)

भीमथडी, मनापासून आभार. हे मला सुचलंच नव्हतं, सुचायला हवं होतं. नवऱ्याशी यावर रात्री बराच वेळ बोलणं झालं.

समुद्रपक्षी

प्रयोगशील शाळा म्हणजे श्रद्धा नसलेली शाळा, असा समज धाग्यात दिसतो. आमचा अनुभव सांगते.

आम्ही मुंबईत मुलाला वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळेत घातलं होतं. ही पद्धत रुडॉल्फ स्टायनरची, पहिली शाळा १९१९ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला, एका सिगारेट कारखान्याच्या कामगारांच्या मुलांसाठी. शाळा सुंदर. लाकडाची खेळणी, मेणाचे रंग, लोकर, माती, गोष्टी, आणि सातव्या वर्षापर्यंत लिहा-वाचायची घाई नाही. मुलगा सकाळी आनंदाने उठायचा, हे मी कधीच विसरणार नाही.

पण सकाळी फेर धरून म्हणायचं एक कवन असायचं, प्रकाश आणि आत्मा याबद्दल. घरी टीव्ही-मोबाइल बघू देऊ नका, असं फार आग्रहाने सांगायचे. मी कारणं शोधत गेले तेव्हा कळलं की या सगळ्याच्या मुळाशी स्टायनरचं स्वतःचं अध्यात्म आहे, अँथ्रोपॉसॉफी. पुनर्जन्म, आत्म्याच्या अवस्था, सात-सात वर्षांचे टप्पे. शिक्षक ते मुलांना शिकवत नाहीत, पण मुलाकडे बघण्याची त्यांची नजर त्यातूनच येते. देवाशिवायची शाळा शोधत आम्ही तिथे पोचलो होतो.

तरी दोन वर्षं ठेवलं, आणि पश्चात्ताप नाही. फक्त आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीत सर्वधर्म प्रार्थना आहे, तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींच्या शाळांत शांत बसणं आहे. ज्या माणसाने शाळा काढली त्याचं काहीतरी मानणं त्या शाळेत असतंच. ते काय आहे हे शाळा मोकळेपणाने सांगते का, एवढं बघा.

खडू_डस्टर

समुद्रपक्षी यांच्याशी सहमत. फक्त आपल्या मराठी प्रयोगशील शाळा निराळ्या मातीच्या, एवढी पुस्ती जोडतो. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद सुरू केली, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांची कमला निंबकर बालभवन १९८६ ची, पुण्यात अक्षरनंदन १९९२ पासून. त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. यांच्यामागे कुणी गुरू नव्हता. मूल काय करतंय ते बारकाईने बघायचं आणि त्यावरून शिकवायचं ठरवायचं, हा त्यांचा मार्ग. जवळ असेल आणि झेपत असेल तर जरूर घाला.

बिनशाळेचे

तिसरा पर्यायही असू दे. आमची दोन्ही मुलं घरी शिकली. शिक्षणहक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. थोरलीने राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी केली, धाकटा १७ नंबरचा (बाहेरून बसणाऱ्यांचा) फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावीला बसला.

धर्माच्या कारणासाठी मात्र हा मार्ग घेऊ नका, असं मी सांगेन. घरी एक माणूस पूर्णवेळ लागतो, आमच्याकडे मीच होते आणि आठ वर्षं माझी नोकरी नव्हती. आणि मुलांना आपल्यासारखीच माणसं भेटत राहतात. थोरली अठराव्या वर्षी म्हणाली, "आई, मला कॉलेजात जाईपर्यंत उपास करणारी मैत्रीणच नव्हती." ते तिला कमी वाटलं होतं.

टेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितेय, रेडिंगला असतो. इथे हा प्रश्न सरकारी शाळांतच आहे. इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाच्या शाळांपैकी जवळपास एक तृतीयांश चर्चशी किंवा इतर धर्माशी जोडलेल्या आहेत. आणि उरलेल्या शाळांनाही रोजची सामूहिक उपासना कायद्याने बंधनकारक आहे. १९८८ च्या कायद्यात ती मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची असावी असं लिहिलंय.

आमच्या घराला सगळ्यात जवळची शाळा कॅथलिक. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की अशा शाळा आपल्या धर्माच्या मुलांना आधी घेऊ शकतात, त्यासाठी चर्चच्या पाद्रींची सही असलेला वेगळा फॉर्म. प्रवेशापुरते चर्चला जाणारे पालक मी बघितले. आम्हाला ते जमलं नाही, पोराला शाळेत घालण्यासाठी खोटं गुडघे टेकणं बरोबर वाटेना. मग चर्च ऑफ इंग्लंडची दुसरी शाळा मिळाली, तिथे प्रवेश नगरपालिकेच्या नियमाने, धर्म न विचारता.

पालक मुलाला उपासनेतून वगळू शकतात, तसा कायदा आहे. आम्ही उत्साहाने पत्र दिलं. पहिल्या सत्रात रोज सकाळी वीस मिनिटं मुलगा ग्रंथालयात एका मदतनीस बाईंबरोबर बसायचा. नोव्हेंबरात एकदा म्हणाला, "आई, गाणं भिंतीतून येतं. मला शब्द ऐकू येत नाहीत, नुसती चाल येते." दुसऱ्या दिवशी आम्ही पत्र मागे घेतलं. डिसेंबरात तो येशूजन्माच्या नाटकात मेंढी झाला. कापूस चिकटवलेला पांढरा सदरा अजून माळ्यावर आहे.

आज तेरा वर्षांचा आहे. देव मानत नाही, पण ख्रिस्ती, मुस्लिम, शीख सगळ्यांचे सण त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतात. हक्क होता म्हणून वापरला, पण त्याची किंमत पाच वर्षांच्या मुलाने दिली, हे मला आजही सलतं.

मांडवी

गोंयच्या बाजूने थोडं. आमच्याकडे चर्चच्या संस्थेच्या शाळा गावोगाव आहेत आणि तिथे हिंदू मुलंही भरपूर असतात. १९९० च्या सुमारास सरकारने प्राथमिकचं अनुदान कोकणी-मराठी माध्यमाला बांधलं तेव्हा त्यातल्या पुष्कळ शाळा कोकणीत गेल्या. मी अशाच शाळेत शिकलो. सकाळी पाद्री कोकणीतून प्रार्थना म्हणायचे, आणि गणेशचवथीला आम्हाला सुट्टी असायची ती तेच आठवणीने सांगायचे. पाटीदप्तर यांचं म्हणणं पटलं. भाषा घरची असली की परक्याचा देवही तेवढा परका वाटत नाही.

निंबोणी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. गेल्या पंधरवड्यात मी सरांचा प्रश्न घेऊन फिरले.

कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणाल्या, "हात जोडायची सक्ती नाही, शांत उभं राहायचं. पण वर्षातून दोनदा मास, म्हणजे चर्चची मोठी प्रार्थना, असतो, त्या दिवशी सगळी शाळा चॅपलमध्ये असते. नको असेल तर त्या दिवशी घरी ठेवा." सरळ, स्वच्छ उत्तर. मला त्या आवडल्या. मग भाषेचं विचारलं. "वर्गात आणि मैदानावर फक्त इंग्रजी," म्हणाल्या. दंड आहे का विचारलं तर त्या नुसत्या हसल्या.

प्रयोगशील शाळेतल्या ताई म्हणाल्या, "मूल नको म्हणालं की आम्ही का ते विचारतो आणि बहुतेक वेळा त्याचं ऐकतो." ऐकून डोळ्यांत पाणी आलं. पण सोडतीत नंबर लागला नाही, प्रतीक्षायादीत चौदावी आहे. आणि लागला असता तरी रोजची शंभर मिनिटं व्हॅनमध्ये, शिवाय पालकांनी द्यायचा वेळ. आम्ही दोघं नोकरी करतो, नवऱ्याच्या पाळ्या असतात.

मग सरांचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि घरापासून आठ मिनिटांवरच्या अनुदानित मराठी शाळेत गेले. त्या शाळेचा विचारही केला नव्हता, कारण तिथे सरस्वतीचा फोटो दारातच आहे. मुख्याध्यापिका बाईंनी प्रश्न ऐकला आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजवर असं कुणी म्हटलेलंच नाही हो. बसा. नेमकं काय झालं होतं?" मी पुस्तकाची गोष्ट सांगितली. त्यांनी पहिलीच्या बाईंना बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या बाई म्हणाल्या, "मीही हेच सांगते मुलांना." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुस्तक फाटू नये म्हणून जपायचं, असंही सांगता येईल की."

तिथेच प्रवेश घेतला. आजी चालत सोडणार, चालत आणणार. धर्माच्या रकान्यात "नाही" लिहिलं. कारकून अडले, मुख्याध्यापिकांनी निकालाची प्रत वाचली आणि लिहा म्हणाल्या. जातीचा रकाना आमच्या बाबतीत रिकामा राहिल्याने काही बिघडत नाही, पण तो भरणाऱ्यांपेक्षा आम्ही पुढे गेलेले नाही हे भीमथडींनी दाखवलं, ते मनात आहे.

खडू_डस्टर

त्या पहिलीच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. निम्मं आयुष्य जे सांगितलं ते चूक होतं असं पालकांसमोर मान्य करायला किती लागतं, ते मला ठाऊक आहे. आणि ताई, जून-जुलैत काय झालं ते जरूर लिहा.

पाटीदप्तर

नक्की लिहा. वाट बघते.

निंबोणी (धागाकर्ती)

लिहायचं कबूल केलं होतं म्हणून आले. जुलैचा दुसरा आठवडा.

परिपाठाला ती हात जोडते. आम्ही तिला सांगितलं होतं की नको असेल तर जोडू नको, बाईंनाही माहीत आहे. तर म्हणाली, "शेजारची आर्या जोडते, मग मीपण." आषाढीला दिंडीत टाळ घेऊन गेली, पायाला फोड आला, खूश होती. नवरा जरा गप्प होता त्या दिवशी. संध्याकाळी त्यानेच फोडाला मलम लावलं आणि तिच्याकडून दिंडी म्हणजे काय ते सगळं ऐकून घेतलं.

गेल्या आठवड्यात बाईंनी वर्गाच्या वाचनकोपऱ्यासाठी घरून एकेक पुस्तक आणायला सांगितलं. कपाटात नवीकोरी पुस्तकं होती, पण ही ते फुगलेलंच घेऊन गेली. बाईंनी वर्गात विचारलं, हे असं का झालं? तर म्हणे, "मी धुतलं होतं. पण धुवायचं नसतं." ते मिटत नाही म्हणून बाईंनी दोन चिमटे लावून ते खिडकीजवळच्या दोरीवर टांगलंय. काल शाळा सुटताना आत डोकावले तेव्हा एक मुलगा टाचा उंच करून त्यातलं चित्र बघत होता.